मास्तरांच्या शिट्टीआधी

बदलापूरहून वसईकडच्या चर्चमधल्या माउलीला जायचं तर सप्टेंबरात, जत्रेच्या दिवसांत जावं. पाऊस ओसरलेला असतो, केळीच्या वाड्या नुकत्याच न्हालेल्या दिसतात आणि बस्त्याव मास्तरांची बस असते. स्वतःच्या हिमतीवर जाण्यात अर्थ नाही, गाड्या बदलण्यातच अर्धा जीव जातो. पाण्याची बाटली आणि डोक्याला काहीतरी घ्यावं. पिशवीत एक जुनं वर्तमानपत्र ठेवावं. तिथे विकत घेतलेल्या मेणाच्या वस्तू त्यात नीट राहतात, उन्हाने मऊ पडत नाहीत.

हे मला माहीत आहे, कारण सत्याऐंशी साली मी बायकोबरोबर जाऊन आलो. आल्यावर बिल्डिंगमधली माणसं विचारायची, कशी झाली सहल? मी म्हणायचो, "छान. गर्दी होती, पण छान." त्यापलीकडे त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेलो नाही.

त्याच डिसेंबरात शैलाच्या छातीत गाठ असल्याचं निघालं. परळच्या डॉक्टरांनी मान खाली घालून, अगदी सौम्यपणे सांगितलं की थोडं आधी यायला हवं होतं. पुढच्या दिवाळीच्या आत ती गेली. आमची मुलगी अंजू तेव्हा नुकतीच लग्न होऊन पुण्याला गेलेली. इस्पितळाच्या पायरीवर तिने मला विचारलं होतं, "बाबा, आधी काहीच कळलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही गं. तिने सांगितलंच नाही."

सांगितलं नाही हे खरं. कळलं नाही हे खरं नाही. मला सप्टेंबरातच कळलं होतं, माउलीच्या देवळात, भर दिवसा. तेवढं सांगण्यासाठी हे लिहितोय. बाकीचंही लिहितो, कारण तेवढं सोडलं तर तो दिवस फार चांगला गेला होता, आणि तेच जास्त जड जातं.

बदलापूर ते कामण

मी अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर होतो. राहायला बदलापूर पूर्वेला, शिरगावात. बिल्डिंग नवी होती आणि गॅलरीतून खरवईपर्यंत शेतं दिसायची. कारखान्याने मला फ्लॅटसाठी कर्ज दिलं, स्कूटर दिली आणि खोकला दिला. चामटोलीचा दूधवाला पहाटे खाली सायकलची घंटी वाजवायचा, आणि वरून माझा खोकला ऐकू आला की म्हणायचा, "साहेब उठलं."

सहलीचं मूळ उल्हासनगरात. शैला कापड घ्यायला तिथल्या मोहिनीबाईंच्या दुकानात जायची. मोहिनीबाई सिंधी, साठीच्या, अंगाने भरलेल्या. निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी अशा त्या बोलायच्या आणि गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय भाव सांगायच्या नाहीत. त्यांनी शैलाच्या डोक्यात माउली भरवली. "भाभी, आमचा झूलेलाल तर आहेच. पण ही माई एकदम फास्ट आहे."

घरी येऊन शैला म्हणाली, "यंदा माउलीला जाऊन येऊ या का?"

"आपलं काय तिकडे?"

"सगळ्यांचंच असतं म्हणे."

ती सहसा काही मागत नसे. साडी मागायची तीही 'जुनी विटलीय' असं सांगून. मला वाटलं, मला कळलं. "माझ्या खोकल्यासाठी होय?" मी विचारलं.

ती मेथी निवडत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "जाऊ तर या."

रविवारी सकाळी बस्त्याव मास्तरांची बस बदलापूर स्टेशनाबाहेर उभी होती. मास्तर मूळचे वसईचे. अंबरनाथच्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना कवायत शिकवली आणि निवृत्त झाल्यावर दर सप्टेंबरात ही बस काढू लागले. गळ्यात शाळेतली शिट्टी तशीच. बस भरली तेव्हा पाहिलं तर ख्रिस्ती मंडळी पुढच्या चार-दोन बाकांवर, बाकी सगळे आपलेच. कुणी गजरे माळलेले, कुणाच्या मांडीवर ओटीची ताटं.

"ऐका," मास्तर वरच्या दांडीला धरून उभे राहिले. "शिट्टी झाली की बसजवळ यायचं. शिट्टी झाली नाही तोवर दिवस तुमचा. उशीर करणाऱ्यासाठी मी थांबतो, पण वर्षभर बोलून दाखवतो."

मोहिनीबाई उल्हासनगरला चढल्या. मुलाच्या नव्या दुकानाला जागा मिळावी म्हणून निघाल्या होत्या. चढल्या चढल्या त्यांनी जागांची फिरवाफिरव सुरू केली. "भाभी, खिडकी तुम लो. साहेबांना हवा लागली तर खोकला वाढेल." मग डबा उघडला. त्यात कोकी होती, म्हणजे कांदा घातलेली जाड खरपूस सिंधी पोळी, आणि वर भाजलेले पापड. आमच्याकडे प्रवासात दशम्या आणि लसणीची चटणी. दोन्हींची देवाणघेवाण झाली आणि मी कबूल करतो की कोकी जिंकली.

भिवंडीपुढे कामणच्या रस्त्याला वळणं लागली तेव्हा शैलाच्या ताटातला नारळ घरंगळला. सीटांखालून गडगडत, पायापायांतून वाट काढत तो थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. मास्तरांनी नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला. "पाणी आहे. माउलीला पोचायची फार घाई झालीय ह्याला. कुणाचा?"

"आमचा," मी म्हटलं, आणि हसता हसता मला ढास लागली. अर्धी बस माझ्याकडे वळली. कुणी खडीसाखर दिली, कुणी ज्येष्ठमध, एका आजींनी पाठीत एक गुद्दाही दिला.

"ह्याच्यासाठीच आणलंय वहिनींनी तुम्हाला," मास्तर म्हणाले. "काळजी करू नका, मोकाशीसाहेब. छातीचे रोगी घेऊन आलेली पुष्कळ माणसं हसत गेली इथून."

सगळी बस माझी छाती बरी करायला निघाली होती. मला संकोच वाटला, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. माणसाला आपलं दुखणं चारचौघांत मानाने मिरवायला आवडतं. मी शैलाकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, हात पदराखाली, उजवा हात डाव्या हातात धरलेला. तो तसा धरायची सवय तिला कधी लागली हे मला आठवत नाही. तेव्हा तर ते लक्षातही आलं नाही. आता आठवायला बसलो की ते आधी दिसतं.

मेणाची आळी

गाव सुरू झालं की आधी विहिरी लागतात, मग केळी, मग पानवेली, आणि मध्येच पांढरा क्रूस. क्रूसाला झेंडूचा हार. आपल्याकडे वेशीवर मारुती असतो तसं. म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. शैला म्हणाली, "आपल्या आगरी बायकांसारख्याच दिसतात गं बाई." ती हे मला म्हणाली नव्हती, मोहिनीबाईंना म्हणाली होती. माझ्याशी बोलताना ती अशी मोकळी नसायची. त्यात तिचा दोष नव्हता.

देवळाला जाणारी एक गल्ली आहे. तिथले लोक चर्चला देऊळच म्हणतात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना जत्रेचे मांडव. सुकेळी, चणे, बांगड्या, माउलीच्या तसबिरी, आणि सर्वात जास्त म्हणजे मेणाची दुकानं. न गेलेल्यांना याची कल्पना यायची नाही. पिवळसर मेणाचे हात, पाय, डोळ्यांची जोडी, डोकं, पोट, तान्हं मूल, घर, सगळं ओळीने मांडलेलं. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, त्याने ते मेणाचं घ्यायचं आणि माउलीच्या पायाशी ठेवायचं.

आपल्याकडे नवस मनातल्या मनात बोलतात. देवीला काय मागितलं हे नवऱ्यालाही कळत नाही, आणि कळू नये असाच रिवाज. इथे मात्र आधी दुकानदाराला सांगावं लागतं. काय दुखतं ते बोलल्याशिवाय वस्तू मिळत नाही.

मोहिनीबाईंनी तिथे तासाभराची करमणूक केली. त्यांना मेणाचं दुकान हवं होतं.

"घर आहे बाय," दुकानातली म्हातारी म्हणाली. "दुकान नाय."

"अरे, घर लेके क्या करूँ? घर आहे मला. बेटे को दुकान चाहिए. शटरवालं."

"माउलीला कळते. घर ठेव नि सांग, दुकान दे म्हणून."

"और उसने घर दे दिया तो?"

"मग भाड्याने दे."

मोहिनीबाईंनी घर घेतलं आणि नखाने त्याच्या दारावर आडव्या रेघा ओढल्या. शटर झालं.

शैला मागे उभी होती. गर्दी कमी व्हायची वाट पाहत असावी. मग पुढे होऊन, फार हळू आवाजात तिने विचारलं, "छाती आहे का?"

म्हातारीने मागच्या खोक्यातून एक तुकडा काढला. गळ्यापासून कमरेपर्यंतचं धड, चपटं, साबणाच्या मोठ्या वडीसारखं. "बाप्याचं नि बाईचं एकच असते," ती म्हणाली. तेवढ्यात मी खोकलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचं का?"

शैला म्हणाली, "द्या."

हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी पिशवीतलं वर्तमानपत्र काढून पुढे केलं. ते मेणाचं धड तिने स्वतः गुंडाळलं, पोराला दुपट्यात गुंडाळावं तसं.

देऊळ

दाराशी मास्तरांनी आम्हाला गोळा करून रीत सांगितली. नारळ आत फोडायचा नाही, तसाच ठेवायचा. खण-ओटी चालते, माउली नेसत नसली तरी घेते. आत बोलायचं असेल तर माउलीशी बोलायचं, एकमेकांशी नाही. "आणि मेणाची वस्तू नुसती ठेवायची नाही. आधी दुखऱ्या जागी लावायची, डोळे मिटून दुखणं त्यात उतरवायचं, मग ठेवायची. पुढे ते मेण वितळवतात आणि त्याच्या मेणबत्त्या करतात. दुखण्याचा उजेड होतो असं आमची आई सांगायची."

आत ख्रिस्ती मंडळी चपला घालून जात होती. आपल्या लोकांच्या चपला बाहेर. बाकांवर बसायला शैलाचं मन होईना, ती बाकाशेजारी खाली फरशीवर बसली. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून अंधारात जावं लागतं, देव खाली असतो आणि आपण वाकून पाहतो. इथे माउली उंचावर, निळ्या झग्यात, कडेवर मूल, आणि माना वर करून पाहावं लागतं. डोळ्यांना उजेड लागत होता. मला आवडलं ते देऊळ. शांत होतं, घंटा वाजवणारं कुणी नव्हतं.

मग शैला उठली, आणि मी मनाची तयारी केली. आता ती येणार, सगळ्यांदेखत ते मेण माझ्या छातीला लावणार. मला अशा गोष्टींची लाज वाटते. पण करून घ्यायचं ठरवलं होतं. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. दुसरंही सोडलं.

ती आली नाही.

बाजूच्या छोट्या वेदीजवळ एक जाड खांब होता. ती त्याच्या आडोशाला गेली. लोकांकडे पाठ होती, पण मी उभा होतो तिथून ती एका बाजूने दिसत होती. तिने कागद सोडला. पदर ओढून घेतला आणि मेणाचा तो तुकडा पदराखाली नेला, उजव्या बाजूला, काखेजवळ. तिथे तो दाबून धरला. डोळे मिटले. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. घाबरलेला होता. बराच वेळ ती तशीच उभी होती. मागे रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला तेव्हा तिने तो बाहेर काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि हातापायांच्या ढिगात ठेवला. वर ओटी ठेवली आणि बसभर गडगडलेला तो नारळही.

इथे मी खरं लिहितो. मला पहिल्यांदा राग आला. ते माझ्यासाठी नव्हतं, हे कळल्याचा राग. सकाळपासून सगळ्यांनी मला रोगी केलं होतं, आणि मी बटणं सोडून उभा होतो. मग भीती वाटली. आणि मग मी त्या भीतीला समजावलं, ऑफिसात एखाद्याला समजावतो तसं. बायकांचं काहीतरी असेल. आमच्या घरात आईपासून हा एक शब्दप्रयोग चालत आलेला. बायकांचं काहीतरी. तो म्हटला की पुरुषाने उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

मी दोन्ही बटणं लावली.

वाडीतलं जेवण

दुपारी मास्तरांच्या बहिणीच्या वाडीत पंगत होती. केळीच्या बागेत ताडपत्री अंथरलेली. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कोलंबीचं कालवण, न खाणाऱ्यांसाठी दुधीची भाजी, आणि शेवटी सुकेळी. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, मधासारखं तपकिरी. मास्तरांच्या बहिणीने शैलाला विचारलं, "बाय, तुमच्या बदलापूरला काय होते?" शैला म्हणाली, "जांभळं. पण ती वाळवून टिकत नाहीत." दोघी हसल्या.

हात धुवायला विहिरीवर गेलो. राहाटाचा दोर होता. शैलाने दोराला हात घातला, एकदा ओढला आणि थांबली.

"तुम्ही काढता का जरा?" ती म्हणाली.

"का गं?"

"हात अवघडलाय बसमध्ये."

मी पाणी काढून दिलं. ती डाव्या हाताने तोंडावर पाणी मारत होती. मोहिनीबाई बाजूला चूळ भरत होत्या, त्या म्हणाल्या, "साहेब, भाभीला पण कुणी डॉक्टरला दाखवा कधी. सगळे तुमच्याच खोकल्याच्या मागे."

"दाखवू की," मी म्हटलं. त्यांनी ते सहज म्हटलं, मी सहज उडवलं.

समुद्र

जेवणानंतर दिवस मोकळा होता. वाडीच्या मागून सुरूच्या झाडांतून वाट समुद्रावर जाते. बाकीची मंडळी जत्रेतल्या पाळण्याकडे गेली. शैला म्हणाली, आपण समुद्र बघू या. आम्ही दोघंच निघालो.

किनाऱ्यावर एक जुनी होडी उलटी घालून ठेवली होती. तिच्यावर बसलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. ओल्या वाळूत बायका वाकून शिंपल्या वेचत होत्या. वारा असून मला खोकला येत नव्हता. तिने चपला काढून पाय वाळूत घातले.

"किती बरं वाटतं इथे," ती म्हणाली.

"हो."

"अंजू लहान असताना यायला हवं होतं."

"हं."

एवढं आमच्या मानाने पुष्कळ होतं. मग ती मंगळसूत्राची वाटी ओठात धरून बसली. काही अवघड बोलायचं असलं की ती तसं करायची, हे मला बावीस वर्षांत पक्कं माहीत होतं. अंजूच्या वेळी दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हाही तिने तसंच केलं होतं. मग वाटी सोडली.

"अहो," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

मी उठून उभा राहिलो.

"शिट्टी झाली," मी म्हटलं.

शिट्टी झाली नव्हती. वारा होता, लाटा होत्या, लांब कुत्रं भुंकत होतं. शिट्टी नव्हती. ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलंय. ठरवून नव्हते, पण चुकूनही नव्हते. ती जे सांगणार होती ते मला देवळात कळलेलं होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकलं की खरं होणार होतं.

"झाली?" तिने विचारलं. वाडीच्या दिशेने मान वळवून ऐकलं. तिचे कान तिखट होते, स्वयंपाकघरात असून खाली पोस्टमन आलेला तिला कळायचा.

"झाली की. चल. मास्तर वर्षभर बोलून दाखवतील."

तिने पायांची वाळू झटकली, चपला घातल्या. ती माझ्या मागून चालत आली. वाटेत मी भरभर चाललो.

बसपाशी कुणीही नव्हतं. दारं बंद, ड्रायव्हर चाकाशेजारी सतरंजी टाकून झोपलेला. आंब्याखाली सावलीत आम्ही उभे राहिलो. बराच वेळ उभे होतो. जत्रेतल्या पाळण्याचा किरकिर आवाज येत होता. शिट्टी कुठाय, असं तिने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. तिने विचारलं नाही. मीच सहन न होऊन बोललो, आणि काय बोलावं, तर हे:

"माझ्या छातीला लावायचं राहिलं ते मेण."

तिने माझ्याकडे पाहिलं. अजून वेळ होता. तिला नुसतं 'तुझं काय दुखतंय' एवढं विचारायला हवं होतं मी. तीन शब्द.

"लावलं मी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बरं."

पुष्कळ वेळाने वाडीतून शिट्टी वाजली. लांबलचक, दोनदा. झाडांतून माणसं येऊ लागली. मोहिनीबाई सर्वांत पुढे, हातात सुकेळ्यांच्या पुड्या. "अरे, तुम तो पहलेच आ गए."

"हो," शैला म्हणाली. "ह्यांना शिट्टी आधी ऐकू येते."

मोहिनीबाई हसल्या, मास्तर हसले. शैला हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ती बसमध्ये चढली आणि परतताना खिडकी मला दिली.

कामणच्या वळणांवर मला पुन्हा ढास लागली. तिने माझी पाठ चोळली. डाव्या हाताने.

नंतर

माझा खोकला त्या हिवाळ्यात कमी झाला. कारखान्याने मला प्लांटवरून स्टोअर्सला दिलं, तेही कारण असेल. पण बातमी पसरली. मोहिनीबाईंच्या मुलाला दुकान मिळालं, शटरवालं. नोव्हेंबरात त्या पेढे घेऊन घरी आल्या, माझ्या छातीला कान लावावा तशा थांबून ऐकत राहिल्या. "देखा भाभी? माई ने सुन लिया."

"हो," शैला म्हणाली. "ऐकलं माउलीने."

ती हे कडवटपणे म्हणाली नाही. तिला खरंच आनंद झाला होता. पुढच्या महिन्यात विहिरीवर अवघडला होता तो हात सुजला, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. आजारपणात माउलीच्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. मीही नाही. शेवटच्या दिवसांत एकदा तिने विचारलं, "बाहेर शिट्टी वाजली का?" खाली वॉचमन वाजवत होता. मी म्हटलं, "हो, वाजली." त्या वेळी ती खरी होती.

नवस पुरा झाला की फेडायला जावं लागतं. बस्त्याव मास्तर आता थकलेत, पण बस काढतात. दर ऑगस्टात ते दारात येतात आणि विचारतात, "मोकाशीसाहेब, तुमचं देणं राहिलंय माउलीचं. जागा धरू?" मी दर वर्षी काही ना काही कारण काढलं. फेडायचा कुणाचा नवस, हे त्यांना कसं सांगणार?

काल ते आले तेव्हा मी म्हटलं, धरा. त्यांनी विचारलं, एक? मी म्हटलं, दोन. दुसरी अंजूसाठी. हे सगळं तिला आधी पुण्याला पाठवतोय, वाचून ती आली तर येईल, नाही आली तर तेही समजण्यासारखं आहे. आली, तर देवळातला तो खांब तिला दाखवीन, वाडीत जेवू, आणि मग सुरूच्या झाडांतून समुद्रावर जाऊ. उलटी घातलेली होडी अजून असेल का माहीत नाही. नसली तर वाळूत बसू. तिला जे विचारायचं असेल ते ती विचारील, मला जे बोलायचं आहे ते बोलायला जितका वेळ लागेल तितका लागो. मास्तरांची शिट्टी खरोखर वाजेपर्यंत मी तिथून उठणार नाही.